जॉन वेल्सची इस्टेट आणि तीन साडू

रिचमंडकर

२८ मे १७७३ रोजी व्हर्जिनियात जॉन वेल्स नावाचा एक बडा आसामी वारला. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचा सासरा एवढीच त्याची ओळख बहुतेक ठिकाणी दिलेली असते आणि गाडी पुढे जाते. पण अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळात पैसा, नाती आणि माणसांची मालकी एकमेकांत कशी गुंतली होती हे समजून घ्यायचं तर या एका इस्टेटीची वाटणी नीट पाहावी, असं माझं ठाम मत आहे. कित्येक वर्षं इथे राहून, मॉंटिचेलो आणि पॉप्लर फॉरेस्ट या जेफरसनच्या मळ्यांवर वारंवार जाऊन ते पक्कं होत गेलं. म्हणून हा धागा.

वेल्स मूळचा इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा. घरची सुबत्ता नव्हती. व्हर्जिनियात येऊन तो वकील झाला, जमिनी घेतल्या, तंबाखू लावला आणि ब्रिस्टलच्या फॅरेल अँड जोन्स या पेढीचा इथला एजंट झाला. पेढीचा व्यवहार अडतीचा होता. मळेवाले तंबाखूची पिंपं जहाजाने ब्रिस्टलला पाठवत, पेढी तो माल विकून रक्कम खात्यावर जमा करी, आणि त्याच खात्यावर मळेवाले इंग्लंडहून कापड, फर्निचर, दारू, घोडागाड्या मागवत. तंबाखूचा भाव पडला की उधारी चढत जाई. ती वसूल करणं हे वेल्सचं काम. शिवाय तो गुलामांच्या व्यापारात होता. आफ्रिकेतून आणलेली माणसं इथल्या मळेवाल्यांना उधारीवर विकायची आणि मग त्याही उधारीच्या मागे लागायचं.

त्याने ऑगस्ट १७६६ मध्ये पेढीला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. पंचवीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याचे हजार पौंड देणं असणं ही भयंकर गोष्ट वाटायची, आता लोक त्याच्या दहापट रकमेबद्दल बेफिकिरीने बोलतात, असं तो त्यात म्हणतो. १७४० मध्ये या मुलुखात तुर्की गालिचा जवळपास दिसत नसे, आता घरोघरी झालाय, असंही लिहितो. दुसऱ्यांच्या कर्जाबद्दल इतकं स्वच्छ लिहिणारा हा माणूस वारला तेव्हा त्याच पेढीला अकरा हजार पौंडांच्या वर देणं लागत होता.

मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून तीन जावयांनी काम पाहिलं: थॉमस जेफरसन, फ्रान्सिस एप्स आणि हेन्री स्किपविथ. जानेवारी १७७४ मध्ये त्यांनी वाटणी उरकली. जेफरसनच्या बायकोच्या, म्हणजे मार्थाच्या वाट्याला सुमारे ११,००० एकर जमीन आणि १३५ गुलाम आले. त्याच महिन्यात जेफरसनने आपल्या शेतीच्या वहीत यादी केली. आधीचे स्वतःचे ५२ धरून एकूण १८७ माणसं.

त्या १३५ माणसांत वेल्सची स्वतःची सहा मुलं होती.

माजघर

शेवटच्या ओळीवर अडकले. सविस्तर लिहा ना. आणि नातीही जरा उलगडून सांगा. मार्थाचं आधी एक लग्न झालं होतं ना?

रिचमंडकर

हो माजघरताई, सांगतो. आपल्याकडे नात्यांना नेमके शब्द आहेत त्यामुळे हे मराठीत समजावणं सोपं जातं.

वेल्सची तीन लग्नं झाली. पहिली बायको मार्था एप्स. ती १७४८ मध्ये मुलगी झाल्यावर काही दिवसांतच गेली. ती मुलगी म्हणजे मार्था, पुढची मिसेस जेफरसन. दुसरी बायको टॅबिथा कॉक. एलिझाबेथ आणि अ‍ॅन या तिच्या मुली, म्हणजे मार्थाच्या सावत्र बहिणी. तिसरी बायको एलिझाबेथ लोमॅक्स, रूबेन स्केल्टनची विधवा. १७६६ मध्ये मार्थाचं पहिलं लग्न झालं ते बॅथर्स्ट स्केल्टनशी, आणि हा रूबेनचा सख्खा भाऊ. सावत्र आई ज्या घरची सून होती त्याच घरात मुलगी दिली. बॅथर्स्ट दोन वर्षांत वारला. १ जानेवारी १७७२ रोजी मार्थाने जेफरसनशी लग्न केलं, तेही वेल्सच्याच घरी, ‘द फॉरेस्ट’ नावाच्या मळ्यावर.

सावत्र बहीण एलिझाबेथ दिली फ्रान्सिस एप्सला. तो मार्थाच्या आईच्या माहेरचा, मार्थाचा मामेभाऊ. अ‍ॅन दिली हेन्री स्किपविथला. म्हणजे जेफरसन, एप्स आणि स्किपविथ हे तिघे साडू. पुढच्या पिढीत एप्सचा मुलगा जॉन वेल्स एप्स आणि जेफरसनची मुलगी मारिया यांचं १७९७ मध्ये लग्न झालं. मावसभाऊ आणि मावसबहीण. आपल्याकडे हे चालायचं नाही, पण व्हर्जिनियातल्या जमीनदारांत नेहमीचं होतं. जमीन फिरून घरातच राहायची.

आता बेटी हेमिंग्ज. जन्म साधारण १७३५चा. आई आफ्रिकेतून आणलेली, वडील इंग्रज जहाजाचा कप्तान. मार्था एप्सच्या लग्नात ती वेल्सकडे आली. मुलीबरोबर पाठवलेल्या मालमत्तेत तिची गणती होती. तिसरी बायको १७६१ मध्ये गेल्यावर वेल्सने पुन्हा लग्न केलं नाही. बेटीपासून त्याला सहा मुलं झाली: रॉबर्ट १७६२, जेम्स १७६५, थेनिया १७६७, क्रिटा १७६९, पीटर १७७० आणि सॅली १७७३. सॅली जन्मली त्याच वर्षी वेल्स गेला.

व्हर्जिनियाच्या १६६२च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. त्यामुळे मार्था वारस झाली आणि तिची सहा सावत्र भावंडं वारशात मोजली गेली. वाटणीत ती सगळी, आईसकट, मार्थाकडे म्हणजे जेफरसनकडे आली.

दिवाणी_दावा

उत्तम विषय. व्यवसायाने वकील आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने विचारतो. व्यवस्थापकाचं पहिलं कर्तव्य मयताची देणी भागवणं. देणी भागल्यावर शिल्लक राहील ती वारसांची. यांनी कर्ज डोक्यावर असताना वाटप कसं केलं? जेफरसन तर स्वतः वकील होता. असं वाटप केलं तर धनको व्यवस्थापकांच्या खासगी मालमत्तेवर येऊ शकतो. तिकडच्या कॉमन लॉमध्ये हे तेव्हाही पक्कं होतं.

रिचमंडकर

नेमकं तेच झालं. इस्टेट एकत्र ठेवून, विकून, आधी पेढीचं खातं मिटवलं असतं तर जबाबदारी इस्टेटीपुरती राहिली असती. यांनी जमीन आणि माणसं तीन वाट्यांत घेतली, कर्जाचाही एकेक तृतीयांश आपल्या अंगावर घेतला, आणि सासऱ्याचं कर्ज साडवांचं झालं.

त्यात १७३२चा ब्रिटिश संसदेचा कायदा होता. वसाहतींतली जमीन, घरं आणि गुलाम ब्रिटिश धनकोच्या कर्जापोटी जप्त करता येतील, असं त्यात होतं. त्यामुळे कर्ज बुडवून जमीन वाचवायची सोय नव्हती.

त्यांची बाजूही सांगायला हवी. एवढी जमीन एकदम बाजारात काढली तर भाव पडणार हे उघड होतं. शिवाय इस्टेट कर्जापेक्षा पुष्कळ मोठी दिसत होती. जेफरसन आत्मचरित्रात म्हणतो की कर्ज वजा जाता बायकोचा वाटा त्याच्या वडिलोपार्जित मालमत्तेइतका भरला आणि त्यांची सुबत्ता दुप्पट झाली. १७७४ मध्ये बसून हिशेब केला तर तो बरोबरच होता. त्याने लगेच वारशातली बरीच जमीन विकायलाही काढली आणि चार हजार पौंडांहून जास्तीचे सौदे केले. त्याच्या वाट्याचं कर्ज त्यात फिटलं असतं.

पण सौदे रोखीचे नव्हते. खरेदीदारांनी हप्त्यांचे रोखे लिहून दिले. जेफरसनने ते रोखे पेढीच्या माणसाला देऊ केले, तर त्याने घेतले नाहीत. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, व्हर्जिनियाने कागदी नोटा छापल्या, आणि खरेदीदारांनी रोखे फेडले ते त्या नोटांत. पुढे जेफरसनने पत्रात लिहिलं की हातात आलेल्या त्या पैशाला ओकच्या पानांइतकीही किंमत नव्हती. जमीन गेली, कर्ज जागच्या जागी.

पानगळ

मग यात जेफरसनची चूक काय? बिचाऱ्याने जमीन विकून कर्ज फेडायचा प्रयत्न केला, नशिबाने साथ दिली नाही. वर ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने त्याचे मळे जाळले. आजच्या मोजपट्टीने जुन्या माणसांना झोडपणं मला पटत नाही.

रिचमंडकर

पानगळ, झोडपायचं नाहीच आहे. एल्क हिल या त्याच्या मळ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. जून १७८१ मध्ये कॉर्नवॉलिसने त्या मळ्यावर दहा दिवस तळ ठोकला. मका आणि तंबाखूची कोठारं जाळली, गुरं-मेंढरं सैन्यासाठी नेली, कामाचे घोडे नेले आणि जी शिंगरं अजून कामाची नव्हती त्यांचे गळे कापले. तीसेक गुलामही बरोबर गेले. जेफरसनने नंतर लिहिलं की त्यांना स्वातंत्र्य द्यायला नेलं असतं तर ते योग्यच झालं असतं, पण नेलं ते देवी आणि तापाने मरायला. पेढीच्या विल्यम जोन्सशी वाद घालताना युद्धकाळाचं व्याज देणार नाही, असं त्याने बजावलं. तुमच्याच राजाच्या सैन्याने मिळकत जाळली, तर त्या वर्षांचं व्याज कसलं मागता, हा युक्तिवाद मला रास्त वाटतो.

माझा मुद्दा पुढचा आहे. हे कर्ज शेवटी फेडलं कशातून?

१७९० मध्ये जेफरसनने पेढीचा एजंट रिचर्ड हॅन्सन याच्याशी सात वार्षिक हप्त्यांचा करार केला. हप्ते भरायला जमीन विकली, आणि माणसं विकली. १७८४ ते १७९४ या दहा वर्षांत त्याने विकलेल्या किंवा मुलीबाळींना देऊन टाकलेल्या माणसांचा आकडा १६१ आहे. सगळीच या एका कर्जापायी गेली असं नाही, पण विक्रीमागचं मोठं कारण हेच होतं. त्यातली कित्येक माणसं वेल्सच्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या एकत्र राहिलेली. तुर्की गालिचे घेतले कोणी आणि घरं मोडली कोणाची, एवढंच मला विचारायचंय.

माजघर

थेनियाचं नाव वर आलं. ती सॅलीची सख्खी बहीण ना? तिचं काय झालं?

रिचमंडकर

थेनिया १७९४ मध्ये विकली गेली, तिच्या पाच मुलींसह. घेणारा जेम्स मन्रो, पुढचा राष्ट्राध्यक्ष, जेफरसनचा शेजारी आणि मित्र. निदान आई आणि मुली एकत्र गेल्या, पण ज्या घरात तिची आई आणि भावंडं होती तिथून ती गेली. मार्था तोवर हयात नव्हती, १७८२ मध्येच वारली होती. म्हणजे मेहुण्याने मेव्हणी विकली. त्या काळच्या कागदपत्रांत हे नातं कुठेही लिहिलेलं नाही, तरी मला ते दुसऱ्या शब्दांत मांडता येत नाही.

तळघर

वेल्स हा त्या मुलांचा बाप होता हे कशावरून? १९९८ची डीएनए चाचणी झाली ती याच्यासाठीच होती ना?

रिचमंडकर

नाही, ती चाचणी वेगळ्या प्रश्नाची, सॅलीच्या मुलांचा बाप जेफरसन होता का याची. सॅलीचा मुलगा एस्टन याचा वंशज आणि जेफरसनच्या काकाच्या पुरुष वंशातले लोक यांचा वाय गुणसूत्राचा मेळ त्यात लागला. वेल्सबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

वेल्सबद्दलचा पुरावा माणसांच्या तोंडचा आहे, आणि तो दोन वेगळ्या बाजूंनी येतो. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज १८७३ मध्ये ओहायोत राहत होता. तिथल्या एका वृत्तपत्राने त्याची हकिगत छापली. त्यात त्याने आजी बेटी आणि वेल्स यांच्याबद्दल सरळ सांगितलंय. दुसरा साक्षीदार आयझॅक, मॉंटिचेलोवरचाच लोहारकाम आणि पत्र्याचं काम करणारा गुलाम. हेमिंग्ज भावंडं म्हाताऱ्या वेल्सची मुलं आहेत असं लोक म्हणायचे, असं त्याने सांगून ठेवलं. या साक्षींना वजन द्यायचं की नाही यावर पूर्वी वाद व्हायचे. आता मॉंटिचेलोची जपणूक करणारी संस्थाही हे नातं मान्य करून सांगते.

आणि वागणुकीतूनही दिसतं. मॉंटिचेलोच्या घरातली मोक्याची कामं या कुटुंबाकडे होती. जेम्सला जेफरसनने पॅरिसला नेलं आणि फ्रेंच स्वयंपाक शिकवला.

तळघर

जेम्सबद्दल ऐकलं होतं. फ्रान्समध्ये तो मुक्त होऊ शकला असता ना?

रिचमंडकर

हो, तिथल्या न्यायालयात अर्ज केला असता तर सुटका मिळण्याची मोठी शक्यता होती. सॅलीही १७८७ पासून पॅरिसमध्ये होती, जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून. ती मुलगी तोवर मावशीकडे, एप्सच्या घरी राहत होती. हेही बघा, वाटणी झालेल्या दोन घरांमधून माणसं कशी इकडून तिकडे जात होती. दोघं बहीणभाऊ १७८९ मध्ये परत आले.

जेम्सशी १७९३ मध्ये लेखी करार झाला की त्याने आपल्या जागी दुसरा आचारी तयार करावा, मग सुटका. त्याने धाकटा भाऊ पीटर याला शिकवलं आणि १७९६ मध्ये तो मोकळा झाला. जाण्यापूर्वी, २० फेब्रुवारी १७९६ रोजी, त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. तांब्याची १९ पसरट पातेली, १९ झाकणं, मग कढया, साचे, मासे उकडायची भांडी असं ओळीने. सुबक अक्षर आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद तोच. १७७४च्या यादीत ज्या मुलाचं नाव मालमत्ता म्हणून चढलं, त्यानेच बावीस वर्षांनी मालकाच्या मालमत्तेची यादी करून दिली आणि तो घराबाहेर पडला. १८०१ मध्ये तो वारला. जेमतेम पाच वर्षं मिळाली त्याला.

दिवाणी_दावा

पेढीच्या दाव्यांचं पुढे काय झालं? वेअर विरुद्ध हिल्टन हा खटला याच पेढीचा ना?

रिचमंडकर

बरोबर ओळखलंत. थोडी मागची कडी सांगतो म्हणजे इतरांनाही लागेल.

युद्ध चालू असताना १७७७ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की ब्रिटिश व्यापाऱ्यांचं देणं राज्याच्या कर्ज कचेरीत कागदी नोटांत भरलं तर ऋणको मोकळा. अनेकांनी भरलं, जेफरसननेही काही रक्कम भरली. १७८३च्या पॅरिस तहाच्या चौथ्या कलमाने सांगितलं की दोन्हीकडच्या धनकोंच्या वसुलीत कायदेशीर अडथळा आणायचा नाही. तरी व्हर्जिनियाची न्यायालयं ब्रिटिश धनकोंना दाद देईनात. १७९० पासून संघराज्याची न्यायालयं रिचमंडला बसू लागली तेव्हा दाव्यांची रांग लागली. ऋणकोंच्या बाजूने पॅट्रिक हेन्री उभा राहिला.

त्यातला हिल्टनवरचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. वादी वेअर हा विल्यम जोन्सच्या इस्टेटीचा प्रशासक. म्हणजे धनकोही तोवर वारला होता आणि एका मयताची इस्टेट दुसऱ्याच्या मागे लागली होती. ऋणकोंतर्फे जॉन मार्शलने बाजू मांडली. पुढे सरन्यायाधीश झालेल्या या माणसाने वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात लढलेला हा एकमेव खटला, आणि तो हरला. मार्च १७९६ मध्ये निकाल लागला की तह राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ, कचेरीत नोटा भरून कर्ज फिटत नाही. अमेरिकी घटनेच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवतात. शेवटी १८०२ मध्ये अमेरिकी सरकारने ब्रिटिश धनकोंच्या उरलेल्या दाव्यांपोटी ६ लाख पौंड द्यायचं कबूल केलं.

वेल्सच्या इस्टेटीवर आणखी एक दावा होता, तो मला वाचवत नाही, तरी लिहायला हवा. १७७२ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ नावाचं जहाज आफ्रिकेतून २८० माणसं घेऊन आलं. ती विकून द्यायची जबाबदारी वेल्स आणि रिचर्ड रँडॉल्फ यांनी मिळून घेतली होती. रँडॉल्फ जेफरसनच्या आईच्या भावकीतला. माणसं उधारीवर विकली गेली, पैसे आले नाहीत, वर्षभरात वेल्स वारला. रँडॉल्फनेही आपली मालमत्ता मुलांच्या नावे करून ठेवली. मग फॅरेल अँड जोन्सने तिन्ही साडवांवर याही रकमेचा दावा लावला, आणि हे भांडण १७९०च्या दशकापर्यंत चाललं. ‘सर्व माणसं समान’ हा जाहीरनामा लिहिणारा माणूस वीस वर्षं गुलामांच्या जहाजाच्या हिशेबात व्यवस्थापक म्हणून अडकला होता.

पानगळ

हे जहाजाचं मला माहीत नव्हतं. जेफरसन शेवटी कर्जबाजारी होऊन गेला त्याचं मूळ हेच म्हणायचं का?

रिचमंडकर

एक मूळ, एकमेव नाही. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला तेव्हा १ लाख ७ हजार डॉलरच्या वर देणं होतं. त्यात घराची बांधकामं, पुस्तकं, वाईन, पाहुणे, पडलेले भाव आणि एका मित्राला दिलेली जामीनकी, सगळंच होतं. पण संसाराच्या आरंभीच डोक्यावर आलेलं हे कर्ज वीस-पंचवीस वर्षं उसंत घेऊ देईना हेही खरं.

माजघर

आणि उरलेली भावंडं? रॉबर्ट, क्रिटा, पीटर?

रिचमंडकर

रॉबर्टला १७९४ मध्ये मुक्त केलं. आई बेटी १८०७ मध्ये मॉंटिचेलोवर वारली. सॅलीची दोन मुलं, मॅडिसन आणि एस्टन, जेफरसनच्या मृत्युपत्राने मोकळी झाली. तिला स्वतःला मात्र मृत्युपत्रात जागा नाही. जेफरसनच्या मुलीने तिला गाजावाजा न करता जाऊ दिलं.

जानेवारी १८२७ मध्ये जेफरसनचं देणं भागवायला मॉंटिचेलोवर लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसं होती. पीटर तेव्हा छप्पन-सत्तावन्न वर्षांचा. त्याला त्याच्याच नात्यातल्या डॅनियल फार्ली या मुक्त माणसाने एका डॉलरला घेतलं आणि पीटर शार्लट्सव्हिलमध्ये शिंपीकाम करू लागला.

क्रिटाला फ्रान्सिस वेल्स एप्सने विकत घेऊन मुक्त केलं. हा मारिया आणि जॉन वेल्स एप्सचा मुलगा. तो तान्हा असताना क्रिटाने त्याला सांभाळलं होतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी तो जॉन वेल्सचा पणतू, आणि क्रिटा जॉन वेल्सची मुलगी, म्हणजे त्याच्या दोन्ही आज्यांची सावत्र बहीण. क्रिटा मग नवऱ्याकडे, झकरायाह बोल्स या मुक्त माणसाच्या शेतावर राहायला गेली.

तळघर

म्हणजे १७७३ मध्ये उघडलेली इस्टेट १८२७ मध्ये मिटली म्हणायची.

रिचमंडकर

पेढीच्या बाजूने बघाल तर त्याच्या कितीतरी आधी मिटली. हेमिंग्जांच्या बाजूने बघाल तर १८२७ मध्येही नाही. बेटीची कितीतरी नातवंडं-पतवंडं त्या लिलावात वेगवेगळ्या मालकांकडे गेली. जो फॉसेट हा बेटीचा नातू. त्याला मृत्युपत्राने सोडलं होतं, पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात उभी होती. पुढची कित्येक वर्षं तो लोहारकाम करून आणि नातलगांची मदत घेऊन त्यांना एकेक करून सोडवायच्या खटपटीत होता. त्या कुटुंबावर वेगळा धागा काढतो, इथे मावायचं नाही.